चाक लटकवून पाहिलंच नाही

जीप ट्रॅक्टरच्या मागे साखळीनं बांधून आणली तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. गोंदियात मुर्री रोडवरच्या आमच्या वर्कशॉपसमोर ट्रॅक्टर थांबला आणि मी हातातला पाना खाली ठेवला. तीन आठवड्यांपूर्वी हीच जीप मी मिशीला पीळ देऊन बाहेर काढली होती. आता तिचं डावं मडगार्ड आत गेलं होतं, हेडलाइट वायरला लोंबत होता आणि सगळ्या गाडीला मोहाचा आंबूस वास मारत होता.

आमच्या भागात हा वास आला की लोक एकच अर्थ काढतात, दारू. मीही तोच काढला.

ट्रॅक्टरवरून सुखदेव उतरला. कपाळाला पट्टी, सदऱ्यावर रक्ताचे वाळलेले डाग. सुखदेव डॉक्टर मॅडमचा ड्रायव्हर, अकरा वर्षांपासूनचा. मॅडम सालेकसाच्या पलीकडे जंगलातल्या गावांत आठवड्यातून तीन दिवस दवाखाना चालवायच्या. जीप त्यांची स्वतःची. आदल्या दिवशी सकाळी अपघात झाला, मॅडमचा उजवा हात मोडला आणि त्या गोंदियात एका दवाखान्यात ॲडमिट झाल्या.

संध्याकाळी त्यांचा मला फोन आला होता. सुखदेव म्हणतो ब्रेक लागला नाही, असं होऊ शकतं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी ताडकन सांगितलं, "मॅडम, मी कमानीचं काम केलं. ब्रेकला मी हातच लावला नाही."  मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, मग त्याला गाडी तुमच्याकडे पोचवून घरी जायला सांगते. परत येऊ नकोस म्हणून सांगते.

म्हणजे सुखदेवची नोकरी माझ्या एका वाक्यावर गेली होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आधीच कबूल करतो.

आता मी नेमकं काय काम केलं होतं ते सांगतो. जीपच्या खाली पोलादी पट्ट्यांची चळत असते, एकावर एक घट्ट बांधलेली. तिला आम्ही कमानी म्हणतो. चाक खड्ड्यात आपटलं की कमानी वाकते आणि दणका स्वतः खाते. एक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा. मॅडमच्या जीपची कमानी या एक्सलच्या खालून बांधलेली होती, त्यामुळे गाडी बुटकी. नाल्यातले दगड तिच्या पोटाला घासायचे. मॅडम म्हणाल्या, रामटेके, गाडी उचलून द्या. मी एक्सलवर नवी बैठक वेल्ड केली आणि खालची कमानी वर नेली. गाडी पाच इंच उंच झाली. मग गाडीचं उसळणं थांबवणारे शॉकअप तोकडे पडायला लागले. तेही काढून जास्त लांबीचे टाकले.

काम झाल्यावर टेस्ट. आमच्याकडे टेस्टची एकच रीत आहे, धानाची पोती. गोंदियातली गाडी म्हणजे क्षमतेच्या दुप्पट भरणार, हे गृहीतच. कमानी लोडखाली किती बसते, चाक मडगार्डला घासतं का, एवढंच बघायचं. त्यासाठी वर्कशॉपच्या कोपऱ्यात मी कायमची पोती रचून ठेवलेली. मॅडमच्या जीपमध्ये दहा पोती टाकली, वर मी स्वतः उभा राहिलो आणि उड्या मारल्या. आमचे जब्बारभाई, म्हणजे भट्टीवर कमानी तापवून तिला वाक देणारे जुने कारागीर, खाली वाकून बघत होते. ते म्हणाले, एकदम टनाटन. झालं, गाडी दिली.

तर त्या सकाळी सुखदेव माझ्यासमोर उभा होता. मी त्याला बसही म्हटलं नाही. सरळ जवळ गेलो आणि त्याचं तोंड हुंगलं. चार गिऱ्हाइकांसमोर. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा माणूस, आणि माझ्यासारखाच बौद्ध घरातला, दारू न पिण्याच्या शीलासकट पाच शीलं म्हणत मोठा झालेला. त्याच्या कपड्यांना मोहाचा वास होता. तोंडाला होता की नव्हता, ते मी नीट बघितलंही नाही. मला जे शोधायचं होतं ते सापडलं होतं.

"पिऊन होता का रे?" मी म्हणालो.

सुखदेव जागचा हलला नाही. त्याचा आवाजही चढला नाही. "मी पेलो नाही जी भाऊ. पायडल आधीच खाली गेला. टक्कर मंग झाली."

मग त्यानं सगळं सांगितलं. रस्ता उताराचा. समोरून बैलगाडी आली म्हणून त्यानं जीप बाजूच्या बांधीत घातली, बांधी म्हणजे धानाचं शेत. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उतरताना डावं चाक क्षणभर अधांतरी लटकलं. गाडी परत रस्त्यावर घेतली आणि ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. हँडब्रेक त्या जुन्या जीपमध्ये असून नसल्यासारखा. खाली वळणावर सात-आठ बाया मोहफुलं वेचून आणून सुकत घालत होत्या. त्यानं जीप बायांना चुकवून फुलांवरून नेली आणि मोहाच्या झाडाला डावी बाजू घासून थांबवली. चाकाखाली फुलं चिरडली, पोटात भरली, सीटपर्यंत उडाली. वास तिथून आला होता.

मला काही पटलं नाही. डाव्या चाकाचा ब्रेकचा पाइप तुटलेला दिसत होता, पण टक्कर त्याच बाजूला होती. मी म्हणालो, झाडाला लागली तेव्हा तुटला असणार. सुखदेव म्हणाला, बरं जी. आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. घरी का जात नाही म्हणून विचारलं तर म्हणे, गाडी खोलून होऊ द्या, मंग जातो.

जब्बारभाईंनी चेसिसखाली जॅक लावला. नेहमी आम्ही एक्सलखाली लावतो. चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, ज्याला कमानी टांगलेली असते. डावीकडची कमानी खोलायची होती म्हणून सांगाडाच उचलून घेतला. गाडी वर गेली आणि पुढची दोन्ही चाकं खाली लोंबायला लागली. लोंबतच गेली. लांब शॉकअप मीच टाकले होते ना.

जब्बारभाईंचे हात थांबले. ते डावीकडे बघत नव्हते, उजवीकडे बघत होते. "रामटेके, ये इधर देख."

उजवी बाजू धडधाकट होती. तिला टक्कर लागलीच नव्हती. मी वाकून बघितलं. ब्रेकचा रबरी पाइप चेसिसवरून चाकाकडे जातो. त्यातून ब्रेकचं तेल जातं. तो नेहमी थोडा सैल, वाकलेला असतो. इथे तो कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणलेला होता. लोखंडी टोपणातून रबर अर्धा बाहेर ओढला गेला होता, आणि मी बघत असतानाच तिथे तेलाचा एक थेंब जमला.

गाडी पाच इंच वर गेली, लांब शॉकअपनं चाक आणखी खाली जायला लागलं, आणि पाइप मात्र जुना, तेवढाच. चाक लटकलं की पाइप ओढला जायचा. तीन आठवडे प्रत्येक नाल्यात, प्रत्येक धुऱ्यावर ओढला गेला आणि काल डावा सुटला. त्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला तेलाची एकच लाइन. एकीकडे गळालं की चारही ब्रेक गेले.

आणि मी? मी दहा पोती टाकून उड्या मारल्या होत्या. वजन पडलं की कमानी बसते, चाक वर येतं आणि पाइप आणखी सैल पडतो. गाडी दाबून पाहायची सवय, ती लटकवून पाहायची बुद्धी तीस वर्षांत कधी झाली नाही. ब्रेकला मी हातच लावला नाही, असं मी मॅडमना मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो. अरे, तोच तर गुन्हा होता!

 सात-आठ बाया डोळ्यांसमोर आल्या. मी जमिनीवर तसाच बसून राहिलो. जब्बारभाईंनी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. माझ्या मनात काय आलं तेही सांगतो. वाटलं, उजवा पाइप बदलून टाकावा. कोणाला कळणार आहे? जब्बारभाई माझ्याकडे बघत होते. त्यांनी पान्यांची पेटी माझ्यापासून लांब सरकवली.

मी बाहेर गेलो आणि सुखदेवला आत आणलं. पाइप दाखवला. त्यानं खाली वाकून बघितलं. मग म्हणाला, "मंग तुमी माह्यं तोंड कायले हुंगलं जी?"

मी जब्बारभाईंकडे पान्यांची पेटी मागितली. 

दोन्ही पाइप काढून पिशवीत घातले आणि सुखदेवला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात गेलो. मॅडमचा हात प्लास्टरमध्ये होता. पाइप त्यांच्या पांघरुणावर ठेवले आणि सगळं सांगितलं. चूक माझी, याची नाही, असं दोनदा सांगितलं. मॅडम खूप रागावल्या. गावात पेशंटना नेताना हे झालं असतं तर काय केलं असतंत, असं विचारलं.  मग त्या सुखदेवकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी तुमचं सोडून यांचं ऐकलं. माझं चुकलं, सुखदेव." अकरा वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं असावं, कारण सुखदेव गडबडून गेला.

पंधरा दिवसांनी जीप तयार झाली. जास्त लांबीचे पाइप, नव्या लाइनी, ठोकून सरळ केलेलं मडगार्ड. न्यायला सुखदेवच आला. मी किल्ली पुढे केली, त्यानं घेतली नाही. म्हणाला, आधी चाक लटकवून दाखवा. दाखवलं. चारही. तो प्रत्येक चाकापाशी उकिडवा बसून पाइप बोटानं चाचपत गेला, आणि मग किल्ली घेतली.

तेव्हापासून आमच्याकडची प्रत्येक गाडी पोत्यांनी दाबून झाली की जॅकवर लटकते. गिऱ्हाईक घाई करतं, करू द्या. आणि कोणी ड्रायव्हर ब्रेक लागला नाही म्हणाला, तर मी त्याच्या तोंडाजवळ जात नाही, आधी गाडीखाली जातो.