बरे झालेल्यांची पुस्तकं

अक्का पुस्तक द्यायच्या तसं जगात कोणी देत नसेल. आधी समोरच्याची जीभ बघायच्या, मग नाडी, आणि मग औषधाच्या खिडकीतून पुस्तक सरकवत बजावायच्या, "रोज दोन पानं, जेवणानंतर. मध्येच सोडायचं नाही." वाचता येत नसेल त्याने घरातल्या कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. आवाज असा, की त्या जळगावात बोलल्या तर मुक्ताईनगरच्या म्हाताऱ्या पदर सावरून बसायच्या. यात मी फार तर चार-दोन मैलांची भर घातली असेल.

आमच्या दवाखान्याने पुस्तकं छापायला घेतली ती ऐंशी सालाच्या मागेपुढे. खोकला अंगावर काढू नका, जुलाबात बाळाचं पाणी तोडू नका, क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, हे सांगून सांगून मोठे डॉक्टर थकले होते. एकदा त्यांचा घसा असा बसला, की आठवडाभर ते खुणांनीच सल्ले देत होते, आणि त्या खुणांवरून एका गृहस्थाने उगाचच अपेंडिक्स काढून घेतलं म्हणतात. आवाज परत आल्यावर डॉक्टरांनी वॉर्डातल्या जुन्या सिस्टर, म्हणजे अक्कांना, बोलावून सगळं छापून टाकायला सांगितलं. जुन्या एक्स-रे खोलीत छपाईचं यंत्र बसलं. अक्का प्रकाशक झाल्या, मी प्रुफं तपासू लागलो.

डॉक्टर मंडळी हस्तलिखितं आणून द्यायची. अक्का ती ओपीडीच्या बाकावर बसलेल्या बायकांना वाचून दाखवायच्या. कुणी जांभई दिली की पान बाद. धुळ्याहून येणाऱ्या एका सर्जनांचा मूळव्याधीवरचा उशीएवढा ग्रंथ असा जांभयाजांभयांनी झिजत गेला, आणि शेवटी लग्नपत्रिकेएवढा उरला. ते अक्कांशी बोलेनासे झाले. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा पेढे घेऊन आले.

पुस्तक मिळायचं औषधाच्या खिडकीत, म्हणून लोक त्याला औषधच समजले. आणि माणूस बरा झाला की उरलेलं औषध घरात ठेवत नाहीत. दुखणं त्याच्या वासावर परत येतं म्हणतात. त्यामुळे बरे झालेले लोक पुस्तकं परत आणून द्यायचे. शिंदखेड्याकडून एसटीत उभ्याने यायचे. पुस्तकाला हळदकुंकू लावलेलं, बरोबर मेथीची जुडी. परत आलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाला चालत नसे, दुसऱ्याचं उष्टं औषध कोण घेणार? मग नवं छापायचं. अक्का परत आलेलं प्रत्येक पुस्तक दोन्ही हातांनी घ्यायच्या, कपाळाला लावायच्या आणि मागच्या खोलीत रचायच्या.

मी एकदा म्हटलं, अक्का, लोकांना सांगा की, राहू द्या म्हणावं घरी. त्या म्हणाल्या, "अरे, वॉर्डात होते तेव्हा घरी गेलेला माणूस पुन्हा कधी दिसायचा नाही. आता निदान कळतं तरी, बरं कोण झालं ते."

नव्वदीनंतर मोठे डॉक्टर अंथरुणाला खिळले, आणि ट्रस्टने पुण्याहून व्यवस्थापक आणला. त्याला वाईट म्हणायला मला फार आवडलं असतं, पण माणूस सभ्य होता, जमत नाही. त्याने मागची खोली उघडली. पुस्तकं आढ्याला टेकलेली. त्याने विचारलं, एवढी सगळी पडून राहिली?

"पडून नाहीत, साहेब," अक्का म्हणाल्या. "हे बरे झालेले लोक आहेत."

साहेब थट्टा समजून हसले. अक्कांनी पुष्कळ समजावलं. लोक पुस्तक मागायला नाही, परत द्यायला येतात, हे पुण्याच्या माणसाच्या डोक्यात शिरेना. मीही साक्ष दिली, पण माझ्या शब्दावर जळगावात कुणी घड्याळसुद्धा लावत नसे. महिनाअखेर पुस्तकांचा विभाग बंद झाला. त्या खोलीत सोनोग्राफी यायची ठरली.

रद्दीची हातगाडी दारात उभी होती त्या सकाळी तापीकाठच्या गावातली एक बाई आली. क्षयाचा कोर्स पुरा झालेला, अंगावर थोडं मांस चढलेलं. तिने पदराखालून पुस्तक काढून पुढे केलं. अक्कांनी हात मागेच ठेवले. तिच्याच बोलीत तिला म्हणाल्या, हे घरी ने, जपून ठेव, आता इथे नवं मिळणार नाही.

दुखणं अजून उरलंय की काय, या धास्तीने बाईचा चेहरा पांढरा पडला. "काबर वं अक्का? मनं दुखनं आखो बाकी शे का?"

अक्का गाडीकडे बघत राहिल्या. गाडी जवळजवळ भरली होती.

"नही वं माय," त्या म्हणाल्या. "बठ्ठं दुखनं गयं. दे."

त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. बाई हसत एसटी स्टँडकडे निघाली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत अक्कांनी पुस्तक छातीशी धरून ठेवलं, आणि मग आपल्याच हातांनी हातगाडीवर ठेवलं.