तापोळ्याला जायचं कुणी ठरवलं

मोबाईलवर लोक भुताखेतांचे असले अनुभव लिहितात, ते मी जेवताना वाचते आणि सोडून देते. नवरा गेल्यापासून सहा वर्षं मांडवीला दोन खोल्यांत एकटी राहते. काही दिसायचंच असतं तर मला आधी दिसलं असतं... इथे कधी भांडंसुद्धा आपोआप वाजलं नाही. म्हणून हे लिहायला हात होत नव्हता. चौथीपर्यंत शिकलेली मी, मुलीच्या जुन्या वहीत लिहितेय. कुणाला दाखवीन की नाही, माहीत नाही.

मी मिरकरवाड्याला बंदरावरच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जाते. आम्ही बारा बायका समोरासमोर बसतो. बाकीच्या बोलतात, मी ऐकते. मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर शालनवहिनींकडे हळदीकुंकू होतं. शालनवहिनी आमच्यात मोठ्या, सगळ्या त्यांचं ऐकतात. मला बोलावणं नव्हतं. विधवेला कोण बोलावणार? त्यात त्यांच्या मनात वाईट काही नसतं. अशा दिवशी मीच दार ओढून घेते, म्हणजे नटून जाणाऱ्या बायकांना माझ्यासमोर अवघडायला नको. पाच वाजता मुंबईहून मुलीचा फोन आला, अर्धा तास बोललो. मग भात टाकला, जेवले, झोपले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन बसते न बसते तोच रेश्मा म्हणाली, "काय गो काकी, काल एवढी बडबड नि आज परत तोंडाला कुलूप?"

रेश्मा आमच्यात सगळ्यांत लहान आणि थट्टेखोर. मला वाटलं, चिडवतेय. पण शालनवहिनी कोळंबीवरून नजर न काढता म्हणाल्या, "सहलीच्या गाडीवाल्याशी बोलले मी. खेडला चहा, पोलादपूरवरून घाट चढायचा, महाबळेश्वर बघून तापोळ्याला मुक्काम. तू सांगितलंस तसंच, सुमन."

"मी?"

"नाय तर कोण? आम्ही दरवर्षीसारख्या गणपतीपुळ्याला निघालो होतो. तूच म्हणालीस, समुद्र रोज बघतो, आता डोंगरातलं पाणी बघूया."

मग हळूहळू कळत गेलं. मी म्हणे पाचच्या सुमारास आले. पोपटी साडी नेसून. मधोमध बसले, आमच्या शेडवरच्या मुकादमाची नक्कल केली, सगळ्यांना हसवून लोळवलं. दुपारी शालनवहिनी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तुला कुंकू लावताना माझा हात थांबलाच नाय गो. तू गेल्यावर लक्षात आलं. मनाला लावून घेतलं नाहीस ना?"

मी नाही म्हणून मान हलवली. 

पण ही थट्टा नाही हे मला कळलं ते रेश्माच्या बोलण्याने. माझा नवरा मासळीची गाडी घेऊन घाटावर जायचा. एकदा तापोळ्याला जाऊन आला आणि म्हणाला, "तिथलं पाणी डोंगरांच्या मधे नुसतं बसून असतं. ओहोटी नाही त्याला. आलेलं पाणी परत जात नाही. तुला नेईन एकदा." हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — मुलीलासुद्धा नाही. आणि रेश्मा म्हणत होती, "आलेलं पाणी परत जात नाय, असं म्हणालीस ना काकी, मला रडूच आलं."

घरी येऊन ट्रंक उघडली. पोपटी साडी तळाशी, घडी तशीच, डांबराच्या गोळ्या तशाच. मोबाईलमध्ये मुलीचा फोन — पाच वाजून सात मिनिटं. मुलीला सगळं सांगितलं तर म्हणाली, "आई, तू थकलीयेस. चार दिवस इकडे ये."

मी बायकांना खरं सांगायला हवं होतं. पण त्यांनी गाडीत माझ्यासाठी खिडकीची जागा धरली होती. डब्यात काय न्यायचं, ते मला विचारत होत्या. आजवर मला कुणी असं आपल्यात धरलं नव्हतं... आणि त्यांना जी हवी होती, ती मी नव्हतेच. महिनाभर गप्प राहिले. घरी आरशासमोर मुकादमाची नक्कल करून बघितली. जमली नाही.

गेलो. घाटात सगळ्या गात होत्या, मी टाळ्या वाजवल्या. तापोळ्याला पाणी बरंच आत गेलेलं, काठाला लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला. नवऱ्याने पावसाळ्यानंतर, धरण भरलेलं असताना बघितलं असेल.

बोट मधोमध आली तशी रेश्मा म्हणाली, "काकी, बोटीत बसलो की राहिलेलं सांगेन म्हणाली होतीस. सांग आता."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मला काय राहिलेलं तेच ठाऊक नव्हतं. वाक्य जुळवायलाही वेळ नव्हता. म्हटलं, "मी आलेच नव्हते गो हळदीकुंकवाला. घरी होते, दार ओढून. तुमच्याकडे कोण आलं, मला माहीत नाही."

 मग शालनवहिनी पोट धरून हसायला लागल्या. त्यांच्यामागून सगळ्या. बोट हलायला लागली तसा बोटवाला ओरडला. "कसं सरळ तोंड करून बोलते बघ," शालनवहिनी म्हणाल्या. रेश्मा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे पुसत होती. तिचं डोकं जड होतं, उबदार होतं. मी ते हलवलं नाही. 

याला दोन वर्षं झाली. मुलगी म्हणते, मनाचे खेळ. पण माझ्या मनाचे खेळ अकरा बायकांना कसे दिसतील? आता पुढची सहल ठरतेय, माझी जागा आधीच धरलेली आहे. शालनवहिनी सगळ्यांना सांगतात, सुमन असली की मजा येते. त्या कुणाबद्दल बोलतात, ते मला अजून उलगडलेलं नाही.