दामिनी कोसेवालीचं बोलणं

मोहाडीच्या धकात्यांच्या घरात दामिनी सून म्हणून आली तेव्हा घरात दोन माग होते आणि बोलणारं माणूस एकही नव्हतं. सासरे गेलेले, सासू कुसुमताई मानेनंच हो-नाही सांगणाऱ्या, आणि नवरा कुंदन असा, की मागावर बसला म्हणजे त्याला जेवायला दोनदा हाक मारावी लागे. दामिनी पवनीची, तीही विणकरांच्याच घरातली, पण बी.कॉम. झालेली आणि तोंडानं तेज. आठवडाभरातच शेजारपाजारच्या बायका तिच्याशी बोलायला ओसरीवर येऊन बसू लागल्या. कुंदनला घर भरल्यासारखं वाटायचं. तसं त्यानं तिला कधी सांगितलं मात्र नाही.

कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या नागपूरचा एक व्यापारी उचलायचा. करोनात त्यानं माल घेणं बंद केलं. साड्यांच्या घड्या कपाटात पडून राहिल्या. तेव्हा दामिनीनं एक दिवस मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, लाइव्ह सुरू केलं, साडी खांद्यावर टाकली आणि बोलायला लागली.

"आता तुमी म्हनसान, हा खरा कोसा कायवरून? हात लावून पाहाता येत नाही ना? मंग मी जाळूनच दाखवतो."

तिनं पदराच्या दशीतला एक धागा तोडला, काडी ओढली. धागा जळला, केस जळल्यासारखा वास आला असं तिनं सांगितलं आणि राख चिमटीत चुरून दाखवली. पुण्याच्या एका बाईनं खाली लिहिलं, "ताई, तुम्ही बाई असून 'दाखवतो' का म्हणता?" दामिनी हसली. "आमच्याकडे बायाबी असंच बोलतात. साडी त नेसतोच ना आमी?" ती साडी त्याच बाईनं घेतली.

पुढे कुंदनच मोबाइल धरू लागला. ती पुढे, तो मागे. दामिनी कोसेवाली म्हणून तिचं नाव झालं. वर्षा-दोन वर्षांत मोहाडीतले आणि आंधळगावातले कितीतरी बंद पडलेले माग तिच्यासाठी चालू लागले. त्यातला एक श्यामरावांचा. हा म्हातारा विणकर माग विकायला निघाला होता, तो थांबला. पार्सलचं काम रत्नमाला पाहायची. ती बौद्ध वस्तीतली, बारावी झालेली, कमी बोलणारी. पत्ता चुकला असं तिच्या हातून कधी झालं नाही.

मग एका दिवाळीत मागण्या इतक्या आल्या, की माग पुरेनात. दामिनी म्हणाली, "मशीनवरचा माल आना ना थोडा. धागा त कोशाचाच राहाते."

"पण आपन हातमागाचा म्हनून इकतो," कुंदन म्हणाला.

"या दिवाळीपुरतं फक्त."

कुंदननं टेंपो केला आणि माल आणला. रत्नमालानं घड्या हाताळल्या, कुंदनकडे एकदा पाहिलं आणि पार्सलं बांधली. त्या पाहण्यानं कुंदनला दिवसभर अन्न गोड लागलं नाही.

नगरपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा एका उमेदवारानं वस्त्यावस्त्यांतून साड्या वाटल्या. डब्यावर 'अस्सल कोसा' छापलेलं. रत्नमालाच्या आईलाही एक मिळाली. रत्नमालानं ती आणून दामिनीपुढे ठेवली. "ताई, हे पाहा बरं. मले काही बरोबर नाही वाटून राहिलं."

संध्याकाळी नेहमीच्या साड्या दाखवून झाल्यावर दामिनीनं ती साडी काढली आणि धागा जाळला. धागा जळलाच नाही, वितळला, त्याचा काळा टणक मणी झाला. तिनं तो कॅमेऱ्यासमोर धरला. "मत मांगायच्या आधीच हा मानूस खोटं बोलला. निवडून आल्यावर काय बोलन?"

तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. उमेदवार पडला. तो साडीमुळे पडला की आणखी कशानं, कोणाला ठाऊक, पण लोकांनी श्रेय दामिनीला दिलं. दुसऱ्या दिवसापासून साडीची किंमत विचारणारे कमी आणि 'ताई, या विषयावर बोला' म्हणणारे जास्त झाले. ती बोलू लागली. धानाच्या सरकारी खरेदी केंद्रावर, धानाच्या बोनसवर, अर्धवट सोडलेल्या रस्त्यांवर. ज्या पक्षाचे लोक आज तिची वाहवा करत, तेच उद्या शिव्या देत. नागपूरच्या एका वाहिनीनं चर्चेला बोलावलं आणि तिच्या नावाखाली पट्टी आली, 'राजकीय विश्लेषक'. कुसुमताईंनी ती पट्टी वाचून घेतली आणि विचारलं, "म्हंजे काय करते ही?"

"लोकाईच्या चुका सांगते," कुंदन म्हणाला.

हळूहळू तिचा सूर बदलला, हे मोबाइलमागे उभ्या असलेल्या कुंदनला सगळ्यांआधी कळलं. पूर्वी ती माहिती काढून बोलायची. आता कोणी काही पाठवलं, की संध्याकाळी ते तिच्या तोंडून यायचं. आणि साड्यांच्या मागण्या रद्द होऊ लागल्या. 'तुमच्या पक्षाची साडी नको' असं लोक लिहीत. तिचा पक्ष कोणता, हे तिलाही माहीत नव्हतं.

श्यामराव एकदा ओसरीवर येऊन बसले. "सूनबाई, तू बोल. तुले कोनी नाही म्हनत नाही. पन माया माग पंधरवड्यापासून उभा हाय."

दामिनीनं उठून त्यांना स्वतः चहा करून दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याच्या त्याच पहिल्या गिऱ्हाईक बाईचा व्हिडिओ आला. त्या दिवाळीत घेतलेली साडी तिनं जाणकाराला दाखवली होती. साडी मशीनवरची निघाली होती. बाई भांडखोर नव्हती, तिनं फक्त विचारलं होतं, की मला असं का सांगितलंत? पण पडलेल्या उमेदवाराच्या माणसांनी तो व्हिडिओ उचलला आणि गावोगाव पोचवला. दामिनीच्या बाजूचेही सरसावले. कट आहे म्हणा, ताई. धागा जाळून दाखवा, म्हणजे तोंडं बंद होतील. वाहिनीवाल्यांचाही फोन आला, आज या, विरोधकांचा डाव म्हणून बोला.

दुपारी जेवताना ती म्हणाली, "धागा जाळतोच मी. धागा खरा हाय. राखच पडन त्याची."

कुंदननं घास खाली ठेवला. "पडन. पन धाग्याचं कोन इचारून राहिलं? त्या बाईनं इणाईचं इचारलं."

"मंग काय सांगू? सारं बुडन ते."

"बुडन त बुडन. कट कायचा त्यात? टेंपोत माल मीच आनला होता."

लग्न झाल्यापासून तो तिच्यासमोर इतकं सलग बोलला नव्हता. कुसुमताई पानात भाजी वाढायला आलेल्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. दामिनी ताटावरून उठली. जेवण अर्धंच राहिलं.

संध्याकाळी पाहणारे कधी नव्हते एवढे जमले. काडेपेटी बाजूला होती, दिवाळीच्या मालातली उरलेली साडी मांडीवर. दामिनीनं दशीतला धागा तोडला, बोटांत धरला. मग काडी न ओढताच तिनं धागा साडीवर ठेवून दिला.

"हा धागा खरा हाय. पन साडी मशीनची हाय. हातमागाची म्हनून मी इकली, मले ठाऊक होतं. ज्याईले त्या दिवाळीत पाठवल्या, त्याईनं परत पाठवाव्या, बदलून देतो."

कुंदननं मोबाइल बंद केला.

खूप साड्या परत आल्या. काही बायकांनी 'राहू द्या, चांगली आहे' म्हणून ठेवून घेतल्या. बदली साड्या विणायला विणकर पुन्हा कामाला लागले. श्यामरावांचा मागही चालला, पण त्यातून धकात्यांच्या घरात पैसा येणार नव्हता. ते वर्ष ओढाताणीतच गेलं. तिचं नाव घेणारे अर्धे गळाले. वाहिनीनं काही महिने विचारलं नाही, नंतर पुन्हा बोलावलं आणि सूत्रधारानं ओळख करून देताना 'वादग्रस्त' हा शब्द लावला. दामिनीनं तो चालवून घेतला.

साड्यांचं काम तिनं कुंदन आणि रत्नमालावर सोडलं. आता मोबाइलसमोर रत्नमाला येते. ती मोजकं बोलते, कोणती साडी कोणी विणली ते सांगते. विक्री पहिल्यासारखी नाही, पण पुण्याची बाई पुन्हा घ्यायला लागली आहे. एका पक्षानं दामिनीला तिकीट देऊ केलं होतं. ती नाही म्हणाली. "मंग माया चुका कोन सांगन?" तिनं कुंदनला विचारलं आणि त्याला हसू आलं.

मागच्या हिवाळ्यात लाखांदूरला धान खरेदीवर बोलायला बोलावणं आलं. दोघं एस.टी.नं गेले. शेतकरी पोत्यांवर, पायऱ्यांवर बसले होते. ती उभी राहते न राहते तोच मागून एक जण म्हणाला, "आधी त्या साडीचं बोला, बाई."

"खोटं बोलून इकल्या होत्या. परत घेतल्या," दामिनी म्हणाली. "आता तुमचं सांगा. धानाचा काटा कधीपासून बंद हाय?"

तो माणूस पुढे येऊन सांगू लागला. ती ऐकत राहिली, तारीख नीट विचारून घेतली, पावती कोणाकोणाकडे आहे तेही विचारलं. कुंदन मोबाइल धरून मागे उभा होता. बराच वेळ बोलत होते ते शेतकरीच, तरी त्यानं चित्रण थांबवलं नाही.