उपरण्याखालचा सौदा

देवणीच्या बैलबाजारात चंद्रप्पा दलाल दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक, त्यांनी जमवलेला सौदा मोडत नाही. दुसरी, त्यांच्या चौकशा संपत नाहीत. बैल विकायला आलेल्या माणसाला ते आधी बैलाचे दात विचारतील, मग सासुरवाडी, मग सासुरवाडीच्या विहिरीला पाणी किती फुटांवर लागलं तेही. पंचाहत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण खोड गेली नाही. मात्र पोटातलं ओठावर येऊ द्यायचे नाहीत. सौदा ठरवताना उपरण्याखाली कुणी किती बोटं दाबली, हे पन्नास वर्षांत त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

अशा माणसाच्या घरात चोरून लिहिलेली कादंबरी सापडली. मग काय विचारता.

नात समीक्षा लातूरला नीटच्या क्लासला होती. दिवाळीत घरी आली, तेव्हा तिच्या बापाला, म्हणजे चंद्रप्पांच्या मुलाला दयानंदला, फिजिक्सच्या वहीत मागच्या बाजूनं लिहिलेली एकशे चाळीस पानं दिसली. त्यानं पाहुण्यारावळ्यांसमोर वही कपाटात टाकून कुलूप लावलं. "परीक्षा हुईस्तोर एक अक्षर लिवायचं न्हाई," म्हणाला. लेक बापावरच गेलेली. तीही सगळ्यांदेखत म्हणाली, "मग मी लातूरला जात नाही, आणि तुमच्याशी बोलतही नाही." क्लास सुरू होऊन चार दिवस झाले तरी पोरगी घरातच. जेवताना दोघांपैकी कुणालाही मीठ हवं असलं तर ते समीक्षाच्या आईमार्फत मागवलं जाई. शिवगंगा बिचारी मीठ पोचवून पोचवून कंटाळली.

कपाटाची किल्ली कुठं असते, हे चंद्रप्पांना अर्थातच ठाऊक होतं. भर दुपारी गोठ्यातल्या बाजेवर बसून त्यांनी वही उघडली. सात देशांचे प्रमुख परिषदेला जमलेत, बर्फाच्या डोंगरातलं हॉटेल आहे आणि बंदूकवाल्यांनी सातही जणांना ओलीस धरलंय. म्होरक्या म्हणतो, आमचे दहा कैदी सोडा. सरकार म्हणतं, एकही नाही. दोघांच्या तोंडासमोर साऱ्या जगाचे कॅमेरे. मुदत संपायला दहा मिनिटं उरतात आणि तिथंच पान संपतं. चंद्रप्पांचा जीव टांगणीला लागला. वैरण टाकायची राहिली, गाय हंबरून हंबरून थकली.

त्यांनी समीक्षाला गाठलं. "म्होरं काय झालं गं?"

कपाटातली वही अप्पांच्या हातात बघून ती आधी चपापली, मग हसली. "मलाच माहीत नाही, अप्पा. दोघंही मागं सरायला तयार नाहीत."

"सरतील कसे? तू त्यांना चव्हाट्यावर बोलाया लावलंस. समद्यांम्होरं माघार कोण घेतंय?"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं. समीक्षानं बैलबाजार जवळून पाहिला नव्हता. पोरींना कोण नेतं तिथं? चंद्रप्पांनी समजावलं. तोंडानं बोलायचं नाही. जेवढं कबूल, तेवढी बोटं दाबायची. आकडा बाहेर कुणाला कळत नाही, म्हणून कुणाची मानही खाली जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही.

"करून बघ. एक बोट म्हंजी एक रविवार. लिवायला म्हैन्यातले किती पायजेत?"

तिनं दोन बोटं दाबली. चंद्रप्पांना पोरीची कीव आली. एवढंच मागायचं होतं, तर चार दिवस कशाला जाळले?

"तेवढं मिळालं तर लातूरला जाशील?"

"उद्याच."

तसेच उठून ते ओसरीवर दयानंदकडे गेले आणि त्याच्यापुढं उपरणं पसरलं.

"अप्पा, ह्यो काय बाजार हाय?"

"पोरगी लातूरला जायाला तयार हाय. किती रविवार लिवू देतोस, तेवढी बोटं दाब."

दलालाचा मुलगा तो. पसरलेल्या उपरण्याखाली हात घातला नाही, तर बापाचा अपमान. त्यानं हात घातला. एक बोट दाबलं. मग दुसरं. सौदा जमला म्हणून चंद्रप्पा हात काढायला लागले, तर दयानंद हात सोडेना. तिसरं दाबलं, चौथं दाबलं. शेवटी अंगठाही धरला.

चंद्रप्पा बघतच राहिले. दयानंद भिंतीकडं बघत पुटपुटला, "एखाद्या म्हैन्यात पाच येतेत."

मागणाऱ्यानं मागितलं त्याच्या दुपटीहून जास्त देणारा माणूस त्यांनी बाजारात कधी पाहिला नव्हता. त्यांना गहिवरून आलं.

"तिनं किती मागितले?" दयानंदनं विचारलं.

"दलाल सांगत न्हाई."

त्यांनी समीक्षाच्या हातात वही दिली आणि तिची पाचही बोटं दाबली. दुसऱ्या दिवशी ती लातूरच्या एसटीत बसली, पण बापाशी अवाक्षर बोलली नाही. खिडकीतून म्हणाली, "अप्पा, तुम्ही होता म्हणून एवढं ओढून आणलंत." खरं काय ते ओठावर आलं होतं, पण चंद्रप्पांनी ते गिळलं. दलाली म्हणून एवढंच मागितलं, की शेवट आधी मला सांगायचा.

तिसऱ्या रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"लिहिलं, अप्पा. म्होरक्या आणि सरकारचा माणूस शालीखाली हात घालतात. कॅमेऱ्यांना काही दिसत नाही."

"मग? बोटं किती दाबली?"

"तुम्हीच म्हणता ना, दलाल सांगत नाही."

आपलाच नियम आपल्याच नरड्याशी आला. चंद्रप्पांनी चार वेळा विचारून पाहिलं, पोरगी बधेना. समोर दयानंद बसला होता, फोनकडं कान लावून आणि तसं न दाखवता. तीन आठवडे तो असाच बसत होता. चंद्रप्पांना ते बघवेना. ते उठून अंगणात आले.

"समीक्षा, पन्नास वर्सांत जे केलं न्हाई ते आज करतो. तुझे दोन मी त्याला सांगितलेच न्हाईत. पाची बोटं त्यानं आपणहून दाबली. मी काय ओढून आणलं न्हाई."



"अप्पा, फोन पप्पांकडं द्या."

त्यांनी ओसरीवर येऊन फोन दयानंदच्या हातात दिला आणि गोठ्याकडं निघाले. अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं, सातही जण सुटले की नाही हे विचारायचं राहूनच गेलं. ते लगबगीनं मागं वळले. ओसरीवर दयानंद पाठमोरा उभा होता. "जेवलीस का, बाळा?" एवढंच तो परत परत विचारत होता. चंद्रप्पांनी पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं.