मुंबईच्या ताटल्या आणि सुमनची सुपारी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी जवळजवळ मोडलं होतं, आणि तेही स्वखर्चानं.

तेव्हा मी मलकापूरला कापसाच्या पेढीवर नवाच कारकून लागलो होतो. (अंगात टेरिलीनचा बुशशर्ट, डोक्यात हवा!) घर आमचं अमडापूरला. बीबी गावची मंडळी सुमनच्या सुपारीला येणार होती. जेवणं आटोपली की सुपारी फुटणार, म्हणजे लग्न पक्कं. पण मुलाचे वडील दाजीबा भारी तापट! पूर्वी एका घरी भाजी अळणी लागली म्हणून ते भरल्या पंगतीतून उठले होते, आणि ती सोयरीक तिथंच संपली होती.

मायनं आणि सुमननं महिनाभर खपून पळसाच्या पत्रावळी लावल्या होत्या. मी मात्र स्टेशनाजवळच्या दुकानातून 'थेट मुंबईच्या' कागदी ताटल्या आणल्या. चकचकीत, मधोमध लाल गुलाब!

"काऊन रे, पत्रावळीले काय झालं?" मायनं विचारलं.

"जमाना बदलला, माय. जेवा आन् फेकून द्या!"

"पत्रावळ बी फेकूनच देतो आपन. ते गाय खाते. हे कोन खाईन?"

मी नुसता हसलो. (शिकलेल्या माणसाची जुनी सोय.) आणि पत्रावळींचा गठ्ठा उचलून गोठ्यात नेऊन टाकला.

पंगत बसली. "वा बाबूसाहेब, गुलाबावर जेवन!" दाजीबा खूश. माझी कॉलर ताठ. मग गव्हाच्या बट्ट्या आल्या, लोकांनी त्या चुरल्या, आणि वाढप्यांनी वर कढत पातळ वरण ओतलं.

आमच्याकडे पत्रावळीच्या कडेखाली एक खडा लावतात, म्हणजे वरण पळत नाही. मी खडेसुद्धा गोळा करू दिले नव्हते! (मुंबईत कोण खडे लावतं?)

आधी गुलाब विरघळले. वरण लाल झालं. मग ताटल्यांचे तळ फुगले आणि बसले.

"अबे, माह्या बट्टीले कागद लागला!"

"माहं वरन कुठी गेलं?"

ते शेजाऱ्याकडे गेलं होतं. तिथून ते दाजीबांच्या परीटघडीच्या धोतराकडे निघालं! मी धावत जाऊन त्यांच्या ताटलीखाली आणखी तीन ताटल्या सारल्या. चारही भिजल्या. दाजीबांनी तोंडातून कागदाची एक पाकळी काढली, ती सगळ्यांना दिसेल अशी धरली, आणि ते उठले.

आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, हात जोडले. दाराआडून सुमनचा उतरलेला चेहरा दिसला आणि मला खरंच रडू आलं.

तेवढ्यात तीच बाहेर आली. काखेत पत्रावळींचा गठ्ठा (वरच्या दोन-चार गाईनं चाखलेल्या), पदरात खडे.

"मामाजी, बसा. वरन अजून ऊन हाये."

तिनं त्यांच्यापुढे पत्रावळ मांडली आणि कडेखाली खडा लावून बोटानं नीट बसवला. दाजीबा आधी खड्याकडे, मग तिच्याकडे, मग शेवटी माझ्याकडे बघत राहिले.

"पोरीले वरन थांबवता येते," ते म्हणाले. "भावाले काय येते?"

"मलकापूरले कारकून हाये," आबा पडेल आवाजात म्हणाले.

दाजीबा हसत खाली बसले. तीन बट्ट्या खाल्ल्या. सुपारी फुटली!

पत्रावळी गाईनं संध्याकाळपर्यंत संपवल्या. ताटल्या तिनं नुसत्या हुंगल्या आणि तोंड फिरवलं. उरलेल्या कोऱ्या ताटल्या उकिरड्यावरून वाऱ्यानं गावभर उडाल्या. पाऊस लागेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या कुंपणाला माझा गुलाब फुललेला असे. लोक तो इमानदारीनं घरी आणून देत, "बाबूसाहेब, हे तुमचं हाये."

आता सुमनला नातवंडं झाली. बीबीला गेलो की ती मला स्टीलच्या ताटात वाढते, पण त्याआधी ताटाच्या कडेखाली आठवणीनं एक खडा लावते. "दादा, तू बसला की वरनाचा भरोसा नाही."

सगळं घर हसतं. मी मात्र खडा नीट बसलाय ना, हे चाचपूनच पहिला घास घेतो.