परात धरणारा हात

आई गेल्यापासून इथं काही लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

मावशी आमच्याकडेच राहते. कडबा कापायच्या यंत्रात, कडबाकुट्टीत, तिचा डावा हात मनगटापासून गेला. ती पीठ मळायची तेव्हा परात आई धरायची. आई गेली आणि मावशीच्या भाकरी बंद झाल्या.

तिच्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या प्लास्टिकच्या हाताला मी मोटर बसवली. तिनं कोपराखालचा स्नायू आवळला की त्याची बोटं मिटायची, पण सैल पडताच परात सुटायची. मग सर्किट बदललं. आता दुसऱ्यांदा आवळेपर्यंत पकड सुटत नाही.

आज तिनं पीठ मळलं. परात जागची हलली नाही.

"तुझी आई गप्पांत परात सोडून द्यायची," मावशी म्हणाली. "ह्यो बरा, बोलत नाय."

खूप दिवसांनी दोघं हसलो.

ओळखीत कुणाला असा हात हवाय का? सांगा. आता मला जमतो.