बोरची मशीन आणि नसीम मॅडम

डॉक्टर नसीम मॅडमना साठ वर्षं पूर्ण होऊन राहिलीत, म्हणून हे पुस्तक निघतंय. माझी शाळा चौथीपर्यंतची, तरी चार ओळी माझ्याही पाहिजेत, असं पुस्तकवाले म्हणाले. खरं सांगते, पहिल्या भेटीत मॅडम मला बिलकुल पटल्या नव्हत्या.

आम्ही लातुरात क्लासवाल्या गल्लीत राहतो. शेजारी पोरांचं हॉस्टेल बांधायला काढलं आणि पाण्यासाठी बोर पाडायची मशीन आली. जमीन थरथरली की आमची सून सुलभा थिजायची. डोळे उघडे, पण हाक पोचायची नाही. मागून म्हणायची, "माय, माझेच हात मला दुसऱ्याचे दिसले." गल्लीनं ठरवलं, अंगात देवी आलीय. बाया नारळ घेऊन दारात! "आई, माझ्या बाळ्याचा मेडिकलला नंबर लागंल का?" एकीनं तर परीक्षेचा पेन पायाशी ठेवला. मलाही मान मिळायचा, घ्या. पण एकदा नात "आई, आई" करून रडली, तरी सुलभा ओळखंना. तवा लेकानं मॅडमना बोलावलं.

मॅडम मनाच्या डॉक्टर, नांदेडच्या. लातुरात डॉक्टर संपले का, हा माझा पहिला संशय. सुई न्हाई, गोळी न्हाई, हा दुसरा. मी उंबऱ्यात पहाऱ्याला बसले. मशीन धडधडली, सुलभा थिजली. मॅडम खुर्ची सोडून तिच्याजवळ खाली बसल्या.

"सुलभा, पायाखाली काय आहे? गार का गरम?" परत परत तेच.

"मंतर घालून राहिल्या का हो?" मी विचारलं.

"अम्मा, तुम्हीच सांगा, पायाखाली काय हाय?"

"फरशी! गादी असणार का?"

सुलभा खुदकन हसली. परत आली.

मग मॅडमनी समजावलं. भूकंपात ही लेकरू होती, ढिगाऱ्यात अडकलेली. आईबाप गेले, पुढं या मामाकडून त्या मामाकडं. अंगाला पळता आलं नाही, म्हणून मन पळालं. जमीन हालली की अजून पळतं. दारातल्या बायांना त्या म्हणाल्या, "पोरांचा नंबर अभ्यासानं लागंल. हिला सुलभाच राहू द्या."

त्या दर आठवड्याला येत राहिल्या. चहात साखर नको म्हणायच्या, त्यातही मला डाव वाटला. निघाला साखरेचा आजार!

परवा गल्लीत दुसरी बोर सुरू झाली. सगळ्यांचे डोळे सुलभावर. तोंड पांढरं पडलं तिचं. अनवाणी पाय तिनं फरशीवर दाबले. "फरशी हाय. गार हाय... अन् माय, बघत काय बसलात? दूध उतू चाललंय!"

असं गोड रागावणं मी देवीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मॅडम, शंभरी गाठा. साखर ताब्यात राहो, गुडघे शाबूत राहोत. तुम्हाला अजून लई जणींच्या शेजारी फरशीवर बसायचंय.